तिसरी रात्र आणि पंधरा वर्षे : आदिवासी भागातील मानसिक आरोग्य परिचारिकेची वाटचाल

दारू सुटते तेव्हा खरा धोका तिसऱ्या रात्री असतो. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम सुटतो, अन्न नकोसे होते, झोप उडते. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत केव्हाही फिट येऊ शकते. पुढच्या दोन दिवसांत काहींना भ्रम होतो. भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, कोणी हाका मारते आहे असे वाटते, समोर बसलेली बायको ओळखू येत नाही. माणूस सलाईन उपसून दाराकडे धावतो. वैद्यकात या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार झाले नाहीत तर तिच्यात माणूस दगावतो.

ही तिसरी रात्र व्यसनमुक्ती केंद्रातच उगवते असे नाही. पुष्कळदा ती भलत्याच वॉर्डात येते. पाय मोडला म्हणून, साप चावला म्हणून, ताप उतरत नाही म्हणून माणूस दाखल होतो. दारू सोडण्याचा विचार त्याच्या मनातही नसतो; खाटेवर पडल्यामुळे ती आपोआप सुटते. केस पेपरवर फ्रॅक्चर किंवा न्यूमोनिया लिहिलेला असतो. दारूचा प्रश्न कोणी विचारलेला नसतो, आणि विचारला असला तर उत्तर ‘कधीमधी’ असे मिळालेले असते.

पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यात जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अशा केंद्रात वैद्यकीय अधिकारी असतो, परिचारिका असतात, औषधनिर्माता आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतो. मनोविकारतज्ज्ञाचे पद मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आकृतिबंधातच नसते. अवघड पेशंट जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात जातो, आणि तिथून पुढे नाशिक नाही तर ठाणे. ठाण्याचे मनोरुग्णालय इथून शंभरेक किलोमीटर, तेही घाटरस्त्याने. तेव्हा तिसऱ्या रात्री दोन-अडीच वाजता खाटेपाशी जी जागी असते ती ड्युटीवरची सिस्टर. तिला त्या वेळी काय ओळखता येते, ते ती कुठे शिकली, आणि एवढे शिकल्यावर तिला पुढे जायला वाट कोणती, हा या विवेचनाचा विषय आहे.

ओळखायचे काय, ते आधी पाहू. रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूला तिच्या गुंगीची सवय झालेली असते. त्या गुंगीवर मात करून जागे राहण्यासाठी मेंदूने आपली उत्तेजना वाढवून ठेवलेली असते. दारू अचानक थांबली की गुंगी जाते, वाढवलेली उत्तेजना तशीच राहते. कंप, घाम, धडधड, फिट, भास ही सारी त्या मोकाट उत्तेजनेची लक्षणे. म्हणून दिवसपाळीतल्या परिचारिकेच्या हातचा सगळ्यात मोलाचा प्रश्न ‘किती पिता?’ हा नसून ‘शेवटची कधी घेतली?’ हा असतो. त्या उत्तरावरून तासांचा हिशेब मांडता येतो. संध्याकाळी नाडी ११० वर गेली, हात पुढे धरायला सांगितल्यावर बोटे थरथरली, कपाळावर घाम आला, तर ती पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला तोंडी सांगते आणि वहीतही लिहिते. यासाठी दहा मुद्द्यांची एक मोजपट्टी जगभर वापरतात. मळमळ, कंप, घाम, अस्वस्थता, भास वगैरेंना गुण द्यायचे. एकूण गुण ६७. आठ-दहाच्या वर बेरीज गेली की डॉक्टरांना उठवायचे. ती पट्टी ज्या हाताने भरली जाते तो परिचारिकेचाच.

मग औषधे. लोराझेपाम किंवा डायझेपाम गटातली गोळी अथवा इंजेक्शन डॉक्टरांच्या आदेशाने. यकृत बिघडलेले असेल तर लोराझेपाम बरे, कारण ते यकृतावर कमी भार टाकते. आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन. हा क्रम लहान वाटतो, पण फार महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात या ब गटातल्या जीवनसत्त्वाचा साठा उरलेला नसतो. तशात नुसते ग्लुकोज चढले की उरलेसुरले थायमिन खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थकल्याभागल्या पेशंटला आल्याबरोबर ग्लुकोज लावण्याची आपल्याकडची हौस पाहता, ‘आधी थायमिन’ एवढे दोन शब्द ज्या सिस्टरच्या अंगवळणी पडले तिने किती जणांची स्मृती वाचवली असेल, याची मोजदाद कुठल्याच अहवालात येत नाही.

याशिवाय औषधांच्या कपाटाबाहेरचे बरेच काही असते. दिवा चालू ठेवणे, कारण अंधारात भास वाढतात. सतत नावाने हाक मारणे, हे जामसर आहे, हा दवाखाना आहे, रात्र आहे, असे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगणे. दहा नातेवाइकांची गर्दी हटवून एकालाच जवळ बसवणे. दोरीने बांधू न देणे. आणि आईशी बोलणे, कारण तोवर आईने ठरवलेले असते की पोराला बाहेरचे लागले आहे आणि उजाडले की भगताकडे न्यायचे. इथे भगताची टिंगल करणारी सिस्टर पेशंट गमावते. ‘भगताकडे जायचं तर जा, पण हे आणखी दोन दिवसांचं आहे, दोन दिवस इथंच राहू द्या, मग जा,’ असे म्हणणारीला बहुधा दोन दिवस मिळतात. भास पुष्कळदा त्या दोन दिवसांत ओसरतात. फेफऱ्याच्या आजारातही हेच: अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका. हे शहाणपण कुठल्या पाठ्यपुस्तकातून आले असे सांगता येणार नाही. जव्हार-मोखाड्यात काही पावसाळे काढलेल्या परिचारिकांकडे ते असते.

या भागात दारूचे दोन चेहरे आहेत आणि ते वेगळे ओळखणे हाही शिकण्याचाच भाग. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या वस्तीत लग्नकार्यात, देवाच्या कामात, मयताच्या विधीत मोहाच्या दारूला मान आहे. चार थेंब जमिनीवर पडल्याशिवाय कित्येक विधी सुरू होत नाहीत. ही दारू ठरल्या वेळी, ठरल्या लोकांत प्यायची. दुसरी काळ्या गुळाची आणि नवसागराची, गुत्त्यावर रोज मिळणारी, विधीशी काही नाते नसलेली. बाहेरून आलेला आरोग्य कर्मचारी दोन्हींना एकाच काठीने हाणतो आणि ऐकणारा माणूस दोन्ही कान बंद करतो. तंबाखूचेही तसेच. पुरुषांच्या गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे टपरीवर दिसते. पण बायांच्या मशेरीकडे कोणी व्यसन म्हणून पाहत नाही. गरोदरपणाच्या तपासणीत मशेरीचा प्रश्न विचारणारी परिचारिका व्यसनाचेच काम करत असते, तिच्या रजिस्टरला त्यासाठी रकाना असो वा नसो.

देशभराचा हिशेब पाहिला तर काम केवढे आहे ते समजते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, आणि सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही दारूच्या आजारात उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ८६ टक्के निघाले. या आकड्यांत जामसरचा आकडा वेगळा काढलेला नाही. तो काढायला आधी कोणी विचारायला हवे, आणि विचारणे इथे दिसते तेवढे सरळ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची जी प्रश्नावली दारूसाठी वापरतात, तिच्यात ‘ठरावीक मापाचे’ किती पेले घेता, असे विचारलेले असते. दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप. विकतच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, घरच्या भट्टीच्या दारूवर कोण छापणार? पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यांत जमीनअस्मानाचा फरक. म्हणून अनुभवी परिचारिका माप सोडून देते. ‘दादा, रोज किती रुपयांची होते?’ ‘गिलासाने का बाटलीने?’ ‘सकाळी उठल्याबरोबर लागते का? नाही मिळाली तर हात कापतात का?’ ‘मजुरी बुडते का?’ असे ती विचारते. सकाळच्या प्रश्नाला ‘हो’ आले की पुढे काय होणार ते तिला कळते. प्रश्नावलीचा गाभा तोच, शब्द इथले. कागदावरची भाषा बदलायला परवानगी लागते, बोलण्याची भाषा बदलायला लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

दुसरी अडचण ऋतूंची. भाताची आणि नागली-वरईची कापणी झाली, दिवाळी उरकली की या पट्ट्यातली कुटुंबे ‘जगायला’ निघतात. स्थलांतराला इथे हाच शब्द आहे. भिवंडी, वसई, ठाणे, कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्या, बांधकामे, रेती. मालकाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. होळीला काही परततात, बाकीचे आवणीच्या आधी. मनोविकाराचे उपचार महिनोन्‌महिने, काहींचे वर्षानुवर्षे चालतात आणि पेशंट वर्षातले सहा-सहा महिने जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नाहीतर परजिल्ह्यात असतो. स्किझोफ्रेनियाची गोळी भट्टीवर संपते, तिथल्या दवाखान्यात कागद नसतो, आणि माणूस शिमग्याला गावी येतो तो पुन्हा स्वतःशी बोलतच. त्यामुळे पाठपुरावा करणारी परिचारिका दिवाळीच्या आधीच कोण कुठल्या भट्टीवर जाणार याची यादी आशाताईंकडून घेते, दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम मिळावीत म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मागे लागते, मुकादमाचा फोन नंबर कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवते. जव्हारची आरोग्यव्यवस्था बाहेरच्या जगाला माहीत झाली ती १९९२-९३ मधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून वजनकाटा, लसीकरण, बाळंतपण यांची रजिस्टरे जाड झाली, आणि व्हायलाच हवी होती. मनाच्या आजारांचे रजिस्टर मागाहून आले आणि अजून पातळ आहे.

आता शिक्षण. परिचर्येच्या वाटा तीन. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. पुढच्या दोन्हींत मानसिक आरोग्य परिचर्या हा स्वतंत्र विषय आहे आणि मनोरुग्णालयात किंवा मनोविकार विभागात काही आठवडे काम करावे लागते. बहुतेक विद्यार्थिनींची या क्षेत्राशी पहिली आणि शेवटची ओळख हीच. उंच भिंत, कुलपाचा वॉर्ड, एकदम अंगावर धावून येणारा कोणी पेशंट. त्या आठवड्यांत जे डोळ्यांत भरते त्यावरून पुढच्या आयुष्याचा निर्णय होतो. एखादीला मात्र तिथेच सूर सापडतो. तिच्यासाठी नोंदणीनंतर वर्षभराचा अनुभव घेऊन मानसिक आरोग्य परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे, पदवीधर असली तर दोन वर्षांची एम.एस्सी. आणि पुढे संशोधन. बंगळूरच्या निम्हान्समध्ये मनोविकार परिचर्येचे शिक्षण पन्नाशीच्या दशकापासून, म्हणजे ती संस्था अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था या नावाने चालत होती तेव्हापासून दिले जाते. रांची आणि तेजपूर इथेही जुनी केंद्रे आहेत. महाराष्ट्रातले परिचर्येचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येते. जव्हारची मुलगी नाशिकला शिकायला जाते ते अंतराने जवळ म्हणून. पण नाशिकहून परत येताना तिच्यापुढे वेगळाच प्रश्न असतो.

तो प्रश्न शिड्यांचा आहे. सरकारी आरोग्यसेवेत परिचारिकेच्या शिड्या दोन. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे. तिथे आरोग्य सेविका, वरची पायरी आरोग्य सहायिका. कुटीर रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, मनोरुग्णालय राज्य शासनाकडे; तिथे अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका आणि अखेर अधिसेविका, जिला सगळे मेट्रन म्हणतात. एका शिडीवरून दुसरीवर उडी मारायची तर नव्याने अर्ज, नव्याने परीक्षा, आणि बहुधा मागची सेवा मागेच. पायऱ्या चढायच्या त्या सेवाज्येष्ठतेने. मानसोपचाराची पदविका घेतली म्हणून पायरी लवकर येत नाही. उलट पदविका घेऊन आलेली परिचारिका प्रसूतिगृहात नेमली जाते आणि मनोविकार वॉर्डात जिची नेमणूक होते तिला त्या विषयाची आवड नसते, असे प्रकार कोणत्याही जिल्ह्यात ऐकायला मिळतात. आणखी एक विचित्र गोष्ट. जसजशी पायरी वर, तसतसा पेशंट दूर. परिसेविका ड्युट्या लावते, अधिसेविका साठा आणि रजा पाहते. तिसरी रात्र ओळखणारा डोळा नेमका बढतीने खाटेपासून उठतो. शस्त्रक्रियेच्या परिचारिकेलाही हे लागू आहे, पण मनाच्या आजारात त्याची किंमत जास्त, कारण इथे उपकरण दुसरे नाही. परिचारिकेचे पेशंटशी जमलेले नाते हेच उपकरण.

अमेरिकेतील हिल्डगार्ड पेपलाव यांनी १९५२ मध्ये परिचर्येतील नातेसंबंधांवर पुस्तक लिहून हेच तत्त्व शास्त्राच्या पातळीवर नेले. हस्तलिखित काही वर्षे आधीच तयार होते. सहलेखक म्हणून कोणी डॉक्टर नसलेले परिचारिकेचे पुस्तक छापणे तेव्हा धाडसाचे समजले गेले, म्हणून ते पडून राहिले. परिचारिका आणि पेशंट प्रथम अनोळखी असतात, मग विश्वास बसतो, मग त्या विश्वासाच्या बळावर काम होते आणि शेवटी नाते सोडायचेही असते, अशी त्यांची मांडणी. बदलीचा आदेश या टप्प्यांची वाट पाहत नाही.

मनोरुग्णालयातला अनुभव वेगळ्या वळणाचा. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये नागपूर, येरवडा, रत्नागिरी आणि ठाणे इथे आहेत. ठाण्याचे १९०१ चे. त्या काळी तिथे काम करणाऱ्याला राखणदार म्हणणेच खरे ठरले असते. वेड्यांच्या इस्पितळातल्या सेवकांना शिकवायला ब्रिटनमध्ये पुस्तक निघाले ते १८८५ साली. आपल्याकडे १९१२ चा कायदा वेडेपणाच्या नावाने होता, १९८७ च्या कायद्याने शब्द बदलले, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, भूमिकाच बदलली. पेशंटला साखळीने बांधायचे नाही. शारीरिक अटकाव करायचा तर तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि कारणाची नोंद करून. ही नोंद प्रत्यक्षात बहुधा परिचारिकाच करते. त्यामुळे ती आता एका अर्थी साक्षीदार झाली. याच कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या, आणि तातडीच्या प्रसंगी कोणाही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत उपचार करण्याची मुभा दिली. जामसरच्या तिसऱ्या रात्रीला हे कलम नेमके लागू पडते. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, हेही याच कायद्यात आहे. विष पिऊन आलेल्या सुनेच्या खाटेपाशी पोलीस येतात तेव्हा हे कलम माहीत असलेली सिस्टर आणि नसलेली सिस्टर यांच्या वागण्यात फरक पडतो.

व्यसनमुक्तीची वाट मात्र मनोरुग्णालयाच्या भिंतीतून फुटली आणि पुढे तिने स्वतःची रीत घडवली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केले. तेव्हा गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा, काळ होता. उपचार ३५ दिवसांचा, आणि त्यात औषधाचे दिवस थोडे. बाकी दिवस गट, बोलणे, काम, घरच्यांना बोलावून घेणे. बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते होतात. परिचारिकेच्या दृष्टीने यात एक धडा आहे आणि एक अडचण. धडा असा की दारू पुन्हा सुरू होणे हा गुन्हा नसून आजाराचा स्वभाव आहे, आणि पुन्हा आलेल्याला रागावून उपयोग नाही. अडचण अशी की अशा ठिकाणी स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाच्या शब्दाला जे वजन असते ते गणवेशातल्या बाईच्या शब्दाला नसते. तिला वेगळ्या जागी उभे राहावे लागते: डायसल्फिरामची गोळी चालू असताना दारू घेतली तर काय होईल हे नीट समजावून संमती घेणे, यकृताच्या तपासण्यांवर लक्ष ठेवणे, बायकोने गोळी चहात मिसळून देण्याचा बेत केला तर तो मोडणे. हा शेवटचा बेत घरोघर असतो. पेशंटच्या नकळत दिलेली ही गोळी जिवावर बेतू शकते.

गावच्या पातळीवर आणखी एक पर्याय आहे. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हा दारूबंदी आहे आणि २०१६ पासून मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान गावसंघटना आणि तालुक्याच्या पातळीवर उपचार यांची सांगड घालते. जव्हार आणि मोखाडा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या, कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्री-सेवनावर नियंत्रणाचा अधिकार आहे. बायांनी मतदानाने आडवी बाटली करण्याची, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्याची, राज्यभराची तरतूद आहेच. ग्रामसभेने गुत्ता बंद केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात कंप सुटलेले पेशंट येऊ शकतात, हे ग्रामसभेला आधी सांगणारी व्यक्ती बहुधा आरोग्य सेविकाच असते. ठराव आणि थायमिन यांची तारीख जुळलेली बरी.

परिचारिकेच्या वाढीची सर्वांत आशादायक दिशा गोव्यातून दिसते. संगाथ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना तयार करून घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलण्याची पद्धत तपासली. दहा केंद्रे, ३७७ पुरुष. निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. तीन महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात २६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत दारू अजिबात न घेतलेले अनुक्रमे १८ आणि ४२ टक्के. यावरून कोणी म्हणेल, मग परिचारिका कशाला? ज्यांच्या शरीराला दारूची सवय जडलेली आहे, ज्यांना तिसरी रात्र येते, असे पेशंट या अभ्यासाच्या बाहेरचे होते. आणि समुपदेशकांना शिकवणे, त्यांच्या बैठका ऐकणे, अवघड माणूस कोणता ते ओळखून पुढे पाठवणे हे काम कोणीतरी करावेच लागते. जामसरसारख्या केंद्रात ते करू शकणारी व्यक्ती म्हणजे आशाताईंना नावानिशी ओळखणारी, पाड्यांवर फिरलेली, वॉर्डाची पाळीही केलेली परिचारिका. आदिवासी भागात साधारण तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे प्रमाण आहे. म्हणजे एका केंद्रामागे सहा-सात उपकेंद्रे आणि त्यांच्या आशा. वाढ म्हणायची तर ही: एका खाटेपासून वीस हजार माणसांपर्यंत पोहोचणे, आणि तरी खाट न सोडणे.

त्यासाठीच्या जागा आज विखुरलेल्या आहेत. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम निघाला, त्याच्या पथकात मानसोपचार परिचारिकेचे पद आहे. ते बहुधा कंत्राटी. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. महाराष्ट्रात त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, पण बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून ती वाट खुली आहे, आणि मानसिक आजार व व्यसन यांची प्राथमिक तपासणी त्या कामात धरलेली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चालू आहे. रात्री अडीच वाजता ज्या सिस्टरला कोणाला विचारावे कळत नाही तिला तो उपयोगी पडतो, रेंज असेल तर. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्याची परिचारिका ही नोंदणीचीच वेगळी शाखा आहे, आणि २००६ पासून तिथे खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला बहुतेक औषधे स्वतः लिहून देता येतात. भारतात हा अधिकार डॉक्टरकडेच आहे. म्हणून इथली गुणी परिचारिका परदेशी जाते तेव्हा पगाराबरोबर तो अधिकारही तिला खेचतो.

या कामाचा भार कोणावर पडतो तेही पाहावे लागेल. व्यसनी पेशंट शिव्या देतो, उपकार विसरतो, चौथ्यांदा परत येतो. रात्रपाळीत वॉर्डात दोनच बायका असतात, आणि राहायला क्वार्टर मिळाले तर पाणी भरायचे ते वेगळे. स्वतःच्या घरात नवरा पिणारा असलेल्या परिचारिका या क्षेत्रात कमी नाहीत. काहींना त्यामुळे पेशंट चटकन कळतो, काहींना त्याच कारणाने सहन होत नाही. आठवड्यातून एकदा सहकाऱ्यांपुढे अवघड केसेस मोकळेपणाने बोलून घेण्याची पद्धत गोव्याच्या समुपदेशकांना दिली गेली होती. सरकारी वॉर्डात तिची जागा पाळी बदलतानाच्या दहा मिनिटांना घ्यावी लागते.

२०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या केली आहे: सामान्य परिचर्येची किंवा मानसोपचार परिचर्येची मान्यताप्राप्त पदविका अथवा पदवी आणि राज्य परिषदेकडे नोंदणी. म्हणजे जामसरच्या केंद्रातली जीएनएम झालेली सिस्टर कायद्याच्या लेखी आजच मानसिक आरोग्य परिचारिका आहे. याच कायद्याने केंद्राच्या आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर एकेका मानसिक आरोग्य परिचारिकेला सदस्य म्हणून जागा दिली आहे. अट, या क्षेत्रातला किमान पंधरा वर्षांचा अनुभव. मनोरुग्णालयात नोकरी केलेलीला पंधरा वर्षे दाखवणे सोपे, सेवापुस्तकात तसे लिहिलेलेच असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तेवढाच काळ कंप, भास, फिट, विष आणि वीटभट्टीवरून परतलेले पेशंट पाहिलेल्या परिचारिकेच्या सेवापुस्तकात पदनाम, वेतनश्रेणी, रजा आणि बदल्या असतात. मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणाचे दिवस, बाह्य रुग्ण विभागात पाहिलेल्या मनोविकाराच्या पेशंटांचे मासिक आकडे आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची त्यावर सही, एवढी नोंद दरवर्षी त्याच पुस्तकात किंवा सोबतच्या पत्रकात घालता येते. त्याला नवे पद लागत नाही आणि नवा निधीही लागत नाही.